नानांचा पाना

नानांकडे पाना मागितला की पाना येत नसे. नाना यायचे, पाना घेऊन. "माझा पाना परक्या घरी एकटा राहत नाही," म्हणायचे.

पोस्टातून निवृत्त झालेले नाना गंगापूर रोडला आमच्या खालीच एकटे राहत. जुन्या मऊ बनियनमध्ये गुंडाळलेला तो जडशीळ पाना मांडीवर घेऊन ते स्टुलावर बसत, लागेल तेवढाच वेळ तो माझ्या हातात देत आणि नळ मी दुरुस्त करत असे. त्यांना स्वतःला वॉशरसुद्धा बसवता येत नव्हता. त्यांच्याच घरचा नळ वर्षानुवर्षं गळत होता.

"त्या गंजक्या नळाला हा पाना लावू? वेडा आहेस का?" नाना म्हणायचे.

आमचा नळ गळू लागला की माझी बायको सुमन आधी चहाचं आधण ठेवायची. "नाना, पान्याला साखर किती?"

"तो बिनसाखरेचा घेतो," नाना गंभीरपणे सांगत.

एकदा मेन रोडच्या दुकानदाराने मला स्वस्तातला पाना दाखवला. "घेऊन टाका साहेब. तुटला तर बदलून देऊ, आयुष्यभर!"

सोबत आलेले नाना भडकले. "म्हणजे तुटणार हे तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे! मुलगी देताना कुणी सांगतं का, जावई बिघडला तर दुसरा देऊ?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. पाना न घेताच आम्ही परतलो. सुमन तर आठवडाभर मला 'बिनगॅरंटीचे' म्हणत होती.

पुढच्याच वर्षी ती गेली.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर माझ्या मामांनी विषय काढला. "वय काय तुझं! सटाण्याला एक चांगलं स्थळ आहे."

कोपऱ्यातून नाना उठले. "मामा," ते हळू म्हणाले, "इथे बदलून मिळत नाही."

सगळे गेल्यावर ते पाना घेऊन पुन्हा वर आले आणि तो ओट्यावर ठेवला.

"नळ गळत नाहीये, नाना."

"गळेल कधीतरी. राहू दे."

आणि रिकामं बनियन खांद्यावर टाकून ते जिना उतरले.

तेव्हापासून नाना रोज संध्याकाळी दारात उभे राहायचे. "पाना बरा आहे ना?" पाना आत ओट्यावर असायचा. नाना बघायचे माझ्याकडे.

"बरा आहे," मी म्हणायचो. ते जायचे.

बऱ्याच दिवसांनी एकदा मी म्हटलं, "बसा, चहा टाकतो. पान्याला बिनसाखरेचाच ना?"

नाना स्टूल ओढून बसले.

"आज घाल अर्धा चमचा," म्हणाले.