पाठमोरे सुपडूआबा

आमच्या गावात सरकारी कामाचा अलीकडचा कुठलाही फोटो बघा, त्यात एक पाठ असते. समाजमंदिराच्या उद्घाटनात पाठ, गटाराच्या भूमिपूजनात पाठ, वृक्षारोपणात तर पाठ अगदी मधोमध. मळका सदरा, टोपी, आणि सगळे समोर बघून हसत असताना हा एकटा गृहस्थ मागच्या बाभळीकडे तोंड करून उभा. ही पाठ सुपडूआबांची.

आमचं गाव धानोऱ्याच्या अलीकडे. माझी तिथे पिठाची गिरणी आहे आणि आबांचं घर गिरणीला लागून. बायको गेली, मुलगा सुरतेला. त्यामुळे आबांना बोलायला मी आणि त्यांची शेळी, असे दोघेच. त्यातही विश्वास शेळीवर.

फोटोबद्दल त्यांचं म्हणणं एकच. "फोटो काढा का सरकार गयं. मंग ते परत येत नही." हातपंपाचा फोटो निघाला, पुढे त्याचा दांडा तुटला, तो जोडायला कोणी फिरकलं नाही. रस्त्याचा फोटो निघाला, खडीचे ढीग अजून तिथेच आहेत. तेव्हापासून कॅमेरा दिसला की आबा गर्रकन वळतात. आपलं तोंड मिळालं नाही तर सरकारला पुन्हा यावंच लागेल, असा त्यांचा हिशेब.

कुठलीही योजना आली की पहिला प्रश्न, "कसाले?" मोफत मच्छरदाणी मिळाली, तर यांनी ती आधी शेळीवर टाकली. बरेच दिवस शेळीला काही झालं नाही, तेव्हा कुठे स्वतःच्या खाटेला बांधली. गावठाण मोजायला ड्रोन आलं, तर यांनी घरावर निळ्या ताडपत्र्या ताणल्या.

"आबा, हे काय?"

"तो वरथून काय दखी ऱ्हायना, माले माहित शे."

नकाशावर त्यांच्या घराच्या जागी नुसता निळा चौकोन आला. तो निस्तरायला नंदुरबारला हेलपाटे यांनीच घातले, पण प्रत्येक वेळी एसटीतून उतरताना तोरा कायम. "मन्हं घर त्यास्ले सापडनं नही!"

मग घरोघर नळाची योजना आली. पाईप पुरले, तोट्या बसल्या. शेवटी एक तरुण साहेब मोबाइल घेऊन आले. प्रत्येक घराचा माणूस आपल्या नळापाशी उभा करायचा, फोटो घ्यायचा. सगळ्यांची तोंडं मोबाइलमध्ये गेली की काम पूर्ण झालं असं धरायचं. सगळ्या गावाची गेली. राहिली एक पाठ.

"आबा, तोंड इकडे करा ना!"

"कसाले? पानी नळले येस, तोंडले नही."

साहेब चिडून गेले, पुन्हा आले. पुन्हा पाठ. सरपंचांनी हात जोडले, काही उपयोग नाही. गावात कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणे, म्हाताऱ्याला शेळीसाठी दुसरा नळ हवाय. कोणी म्हणे, मागच्या सरपंचाने फूस लावलीय. मला तर पक्का संशय होता की ठेकेदाराला अडवून हा काहीतरी उकळणार. चांगला धो धो नळ घरात, त्याखाली रोज टोपी धुतो आणि वर ही नाटकं! गिरणीत बसून मी त्यांच्यावर डोळा ठेवला. ते माझ्यावर ठेवून होतेच.

एकदा साहेबांचा संयम सुटला. गिरणीसमोरच ते आबांना म्हणाले, "तुमच्या नळाला पाणी आहे ना? मग अडचण काय आहे तुमची?"

आबांनी टेकाकडे बोट केलं. गावाच्या वरच्या अंगाला चढावर दोन-चार घरं आहेत, त्याला आम्ही टेक म्हणतो. "तठे पानी चढत नही."

"चढतं की!" साहेबांनी मोबाइल पुढे धरला. त्यात टेकावरची इंदूमाय डोक्यावर पदर घेऊन आपल्या नळापाशी उभी. तोटीखाली हंडा काठोकाठ.

आबांनी मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. "तो हंडा तुन्हा मानूसनी मन्हा नळवर भरा. मी दखं ना!" मग आवाज खाली आला. "मन्हा फोटो दिन्हा का तू जाशी. मंग तिले पानी कोन देई?"

माझा तर आ वासला. इंदूमाय म्हणजे आबांची धाकटी बहीण, नवरा गेल्यावर माहेरच्या गावी येऊन राहिलेली. आबांच्या मुलाच्या लग्नात हळद लावायचा आत्याचा मान चुकून दुसऱ्याच बाईला गेला, तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. रस्त्यात समोर आले तरी दोघं दोन बाजूंनी जात. आणि हा म्हातारा तिच्यासाठी सगळ्या गावाच्या शिव्या खात होता!

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने वरिष्ठांशी भांडून टेकासाठी वेगळी मोटर बसवली. फोटोसाठी आला तेव्हा आबा म्हणाले, "मन्हा घर नही. तठे काढ." आम्ही टेकावर गेलो. इंदूमायने तोटी फिरवली. आधी नुसती हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. साहेबांनी मोबाइल धरला, तर आबांची पुन्हा पाठ! मी खांद्याला धरून वळवायला गेलो आणि थांबलो. आबा पाण्याकडे बघत होते, डोळे भरले होते. शेवटी इंदूमायने पदराने त्यांचं तोंड पुसलं, तेव्हा कुठे फोटो निघाला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. त्या सणाला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर भरून पुजतात. भांडणापासून एकाच आईची घागर दोन घरांत भरली जायची. हंडा उचलता उचलता इंदूमाय म्हणाली, "भाऊ, मायनी घागर आठेच भरसूत. येशी का?"

टेक उतरल्यावर आबांनी मला बाजूला घेतलं. "काय डाव व्हई तिन्हा?"

"काही नाही हो आबा!"

ते विचारात पडले, मग स्वतःचं घर ओलांडून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले.

"आता कुठे?"

"बजारमा," टोपीने डोळे पुसत आबा म्हणाले. "घागर वाजाडीसन लेनी पडी. कुंभारना काय भरोसा?"