तेराव्या महिन्याचं बुकिंग

"त्यात काय एवढं! एक ओळ लिहायची, की काम फत्ते!"

तृप्तीनं हे म्हटलं तेव्हाच बद्रीनाथकाकांनी सावध व्हायला हवं होतं. पण पुतणी संभाजीनगरहून कॉम्प्युटर शिकून आलेली, आणि काकांचं स्वतःचं ज्ञान सुप्रभातचे फोटो पुढे ढकलण्यापुरतं! त्यांनी परतूरमधल्या आपल्या मंगल कार्यालयाचं बुकिंग निर्धास्तपणे तिच्या हवाली केलं.

तृप्तीनं वेबसाइट करायला घेतली. तारखांसाठी कॅलेंडर हवं होतं, पण ते स्वतः लिहीत बसणाऱ्यांतली ती नव्हे.

"काका, असलं सगळं लोकांनी आधीच लिहून ठेवलंय. त्याला पॅकेज म्हणतात. आपण नुसतं इम्पोर्ट करायचं. ना काही बसवायचं, ना कसली सेटिंग. नाव आणि नेटवरचा पत्ता दिला, की ब्राउझर स्वतः जाऊन घेऊन येतो!"

"म्हंजे बाहेरच्याचं?"

"हो. थर्ड पार्टी."

"ते तर मोटारसायकलच्या विम्याला असतं ना?"

"यालाबी म्हणतात. तिसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं."

"मंग त्या तिसऱ्याचं आपल्या लग्नात काय काम?"

तृप्ती खो खो हसली. काकांनी किती नेमका प्रश्न विचारला होता, हे तिला अजून कळायचं होतं!

आता, त्या पत्त्यात पॅकेजच्या आवृत्तीचा आकडाही लिहायचा असतो. तृप्तीनं लिहिला नाही. आकडा नसला की सगळ्यात ताजी आवृत्ती मिळते, आणि भाजी असो की कोड, ताजं ते चांगलंच! एक बारीकसा घोळ मात्र होता. हे पॅकेज महिने शून्यापासून मोजायचं. जानेवारी म्हणजे शून्य, मे म्हणजे चार! तृप्तीनं मग प्रत्येक महिन्यात गुपचूप एक मिळवून टाकला आणि सगळं सुरळीत चालू झालं. काका तर येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून वेबसाइट दाखवायला लागले. नातवाचंही एवढं कौतुक त्यांनी कधी केलं नसेल!

आणि एके दिवशी, कुठल्याशा दूरदेशी, त्या पॅकेजच्या मालकाला उपरती झाली, की महिने माणसासारखे एकपासून मोजावेत. त्यानं नवी आवृत्ती काढली. ब्राउझर बिचारा इमानदार! तीच ताजी ताजी घेऊन आला. पॅकेज म्हणालं, मे म्हणजे पाच. तृप्तीच्या कोडनं त्यात एक मिळवला. झाला जून! नेमकं त्याच सकाळी काकांनी चहा पिता पिता 'सर्वांना तारखेची आठवण पाठवा' हे बटण दाबलं.

कप खाली ठेवेपर्यंत फोन वाजायला लागला.

"बद्रीनाथराव, आमचं लग्न एप्रिलात हाय, तुमी मे लिहिलंय!"

"आवो, यंदा अधिक महिना आला का काय?"

डिसेंबरवाल्यांनी तर मेसेजच वाचून दाखवला. "आमाला... तेरावा महिना आलाय!" दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो परतुरात असा लेखी अवतरला!

पण खरं संकट जीपमधून आलं. बारा मेला सर्जेरावांच्या शीतलचं लग्न होतं. बारा जूनचा मेसेज वराकडेही गेला होता. वरपिता पुंजाराम मुलाला, हरिओमला, घेऊन टेंभुर्णीहून तडक कार्यालयात हजर! इकडून सर्जेराव शीतलला घेऊन पोहोचलेच होते.

"आमाला न इचारता तारीख बदलता?" पुंजाराम गरजले.

"आमी कशाला बदलू? तुमीच बदलली आसंल!" सर्जेराव उसळले.

तृप्तीच्या एका ओळीपायी एक सोयरीक मोडायला निघाली होती! ती घाईघाईनं मध्ये पडली.

"मामा, ऐका! तारीख तुम्ही बदलली न्हाई, यांनीबी न्हाई. थर्ड पार्टीनं बदलली!"

"तिसरी पार्टी?" पुंजारामांचे डोळे बारीक झाले. "सर्जेराव, पोरीला दुसरं स्थळ बघून राह्यले का तुमी?"

"तोंड सांभाळून बोला!"

"तरीच मला शंका आल्ती! चल हरिओम, काढ जीप!"

हरिओम जागचा हलेना. शीतल त्याच्याकडे बघत होती. तृप्ती खुर्चीवर आदळली, पत्त्यात जुन्या आवृत्तीचा आकडा लिहिला आणि पान पुन्हा उघडलं.

"बघा! बारा मे! कुणीच तिसरं न्हाई हो, माझीच चूक हाय! बाहेरून आणलेला कोड बदलला आणि माझं लक्ष न्हवतं."

पुंजारामांनी पडद्याला नाक लावून तारीख वाचली. हळूहळू त्यांची फुगलेली छाती खाली बसली. सर्जेरावांनी चहा सांगितला. "बराबर हाय मंग," पुंजाराम म्हणाले, "बारा मे, पक्कं!"

तेवढ्यात हरिओम खाकरला.

"बाबा... जूनच ऱ्हाऊ द्या ना. मेमधी माझी परीक्षा हाय. तुमाला सांगायची हिंमतच झाली न्हाई."

"आन् ही गोष्ट तू आज सांगून राह्यला?"

"शीतलला सांगितल्ती."

शीतल पदर सावरत भिंतीवरचे फोटो बघायला लागली. दोघा व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आधी पुंजारामच हसले. गुरुजींना फोन झाला. जूनमध्येही मुहूर्त निघत होता. सगळं गोड झालं! काका तर मिशीवर ताव देत तृप्तीकडे वळले.

"चल पोरी, जल्दी कर! यांची तारीख बारा जून करून टाक!"

तृप्तीनं माउस हलवला. पान वर केलं, खाली केलं, सगळी बटणं पाहिली. मग तिचा चेहरा पडला.

"काका... तारीख बदलायची सोयच म्या केली न्हाई."

"काय म्हंती! सकाळी अख्ख्या गावाच्या बदलल्या, आन् आता एक बदलंना?"

"त्याचंबी एक पॅकेज मिळतं. एक ओळ लिहिली की—"

बद्रीनाथकाकांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं जूनचं पान उघडलं आणि बारा तारखेवर लिहायला खिशातला पेन काढला.