मंजुळेला माहीत होतं

एका जंगलात, म्हणजे जिथे अजून थोडीफार झाडं शिल्लक होती अशा एका जंगलात, मंजुळा नावाची टिटवी राहत होती. नावाचा आणि आवाजाचा काही संबंध नव्हता, बाळांनो. नाव आत्याने ठेवलं होतं. आवाज तिचा स्वतःचा होता.

ओढ्याकाठच्या खड्यांत तिने अंडी घातली होती. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत. खड्यांत खड्यांसारखीच अंडी घालतात आणि भर दुपारी त्यांच्यावर सावली धरून उभ्या राहतात. उन्हात अंडं उघडं पडलं, की आतलं पिल्लू शिजतं.

त्या ओढ्यावर जांभळाच्या आडव्या खोडाचा एक साकव होता. लहानथोर सगळे त्यावरून ये-जा करत. एके सकाळी किडे टिपता टिपता मंजुळेला दिसलं, की खोड वाळवीने पोखरलंय. वर साल, आत माती.

ती तडक उडत पलीकडे ज्येष्ठ मंडळाकडे गेली. मंडळाचे अध्यक्ष होते अस्वल दादासाहेब. ते मध चाटत होते.

"दादासाहेब, साकव पोकळ झालाय. कुणीतरी पडेल."

"पोरी," दादासाहेब पंजा चाटत म्हणाले, "तुझी आजी अंड्यात होती तेव्हापासून तो साकव आहे. आम्हाला शिकवतेस?"

शेजारी रानडुक्कर आबा चिखलात लोळत होते. "तुम्ही टिटव्या पाय वर करून झोपता ना? आभाळ पडेल म्हणून?"

"असं लोक म्हणतात."

"मग? पडलं का आभाळ? साकव तरी कसा पडेल!"

तिसरे सदस्य साळिंदर काका. त्यांनी काटेच उभारले. "टिटवी ओरडली की वाईट घडतं, हे शास्त्र आहे. तू ओरडू नकोस, म्हणजे काही घडणार नाही."

मंजुळा ओरडली. दुसऱ्या दिवशीही ओरडली. जंगल कूस बदलून झोपलं.

आणि मग भेकरीणबाईंच्या पाडसाचा पाय साकवाच्या मधोमध आत गेला. पाडस ओढ्यात पडलं. वाचलं, पण पाय मोडला.

भेकरीणबाईंनी जंगल डोक्यावर घेतलं. "दोष कुणाचा, ते सांगा! त्याशिवाय मी गप्प बसणार नाही!"

मंडळ ओढ्याच्या अलीकडे, उंबराखाली जमलं. तिघेही राहायला पलीकडे. पण त्या दिवशी ते साकवावरून आले नाहीत. वरच्या अंगाने लांबचा वळसा घालून उथळ पाण्यातून आले. मुलांनो, हे जरा लक्षात ठेवा.

कायदा सांगायला घोरपड उभी राहिली. एकदा मुद्दा धरला की ती सोडत नसे. मुद्दा मेला तरी.

"नुसतं वाईट घडलं म्हणून कुणी दोषी होत नाही," ती म्हणाली. "मनात काय होतं, ते बघावं लागतं. साकव खाल्ला वाळवीने. पण वाळवीच्या मनात पाप नव्हतं, भूक होती. वाळवी निर्दोष."

वाळवीने टाळ्या वाजवल्या असाव्यात. ऐकू आल्या नाहीत.

"आता मंडळ. दादासाहेब, साकव पोकळ आहे हे आपल्याला माहीत होतं?"

"छे!"

"मी सांगितलं होतं!" मंजुळा ओरडली.

"ऐकलं असेल," दादासाहेब म्हणाले. "ऐकणं वेगळं, माहीत असणं वेगळं. या वयात आम्ही पुष्कळ ऐकतो, पोरी. डोक्यात शिरू देत नाही."

आबा आणि काकांनी माना डोलावल्या. मंडळ निर्दोष.

"मग कुणाला माहीत होतं?" घोरपडीने जीभ बाहेर काढून हवा चाखली. "मंजुळा, तुला माहीत होतं?"

"होतं! म्हणून तर मी..."

"माहीत होतं, तरी साकव दुरुस्त केला नाहीस?"

"ही चोच बघा माझी! हिने साकव दुरुस्त होतो?"

"म्हणजे माहीत होतं आणि काही केलं नाही. कबुली झाली."

दादासाहेबांनी घसा खाकरला. "आरोपी दोषी. सूर्य मावळायच्या आत जंगल सोड."

मंजुळेने खड्यांकडे पाहिलं. अंडी चोचीत धरून नेता येत नाहीत. पण ती मंजुळा होती.

"जाते," ती म्हणाली. "पण एक सांगून जाते. मी गेले की उद्या दुपारच्या उन्हात माझी अंडी शिजतील. पिल्लं मरतील. हे आता दादासाहेबांना माहीत झालं. आबांनाही झालं."

साळिंदर काकांनी घाईघाईने कान झाकले.

"उशीर झाला, काका. तुम्हालाही झालं. घोरपडबाई, ज्याला माहीत असतं, तो दोषी. बरोबर ना?"

घोरपडीला मुद्दा सोडता येईना. "बरोबर," ती पुटपुटली.

"आबा," दादासाहेब हळूच म्हणाले, "आपण कुणाला काही शिक्षा केली का हो?"

"मला कुठे माहीत!"

"मला तर आत्ताच जाग आली," काका म्हणाले. "आपण जमलोय कशाला?"

"काय कल्पना नाही बुवा. साकवाचं काही झालंय का?"

"साकवाला काय धाड भरलीय!"

"अहो, माझ्या लेकराचा पाय!" भेकरीणबाई किंचाळल्या.

"पाय? कुठला पाय?"

सभा संपली. मंजुळा आपल्या अंड्यांजवळ परतली. तिघे उठले आणि सवयीने वरच्या अंगाला वळले. वळशाच्या वाटेला.

"थांबा!" घोरपड धावत आली. "वळसा घातलात, तर साकव पोकळ आहे हे तुम्हाला माहीत आहे असं सिद्ध होईल."

तिघे थांबले. त्यांनी साकवाकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं.

"चला," दादासाहेब म्हणाले. "वर्षानुवर्षांचा भक्कम साकव आहे." आवाज जरा बारीक निघाला.

पुढे दादासाहेब, मागे काका, त्यांच्या मागे आबा. मंजुळेने सवयीने चोच उघडली. मग पायाजवळच्या अंड्यांकडे पाहिलं आणि चोच मिटली.

कडाड!

आधी मध, मग काटे, मग चिखल असं सगळं क्रमाने ओढ्यात गेलं. मेलं कुणी नाही. पण आबा नेमके काकांवर पडले, आणि पुढचा अख्खा महिना आबांना बसता आलं नाही.

भेकरीणबाई लंगडत्या पाडसाला घेऊन मंजुळेजवळ आल्या. पाण्यातली धडपड त्यांनी डोळे भरून पाहिली.

"मंजे, आज ओरडली नाहीस गं?"

"कशाबद्दल, बाई?" मंजुळा अंड्यांवर नीट बसत म्हणाली. "मला कुठे काय माहीत होतं!"

तात्पर्य : मुलांनो, पुढे खड्डा दिसला तर मोठ्यांना कधीही सांगू नका. त्यांना माहीत झालं, तर ते दोषी ठरतील. आणि मोठ्यांना दोष देणं आपल्या संस्कारात बसत नाही.