हवेतल्या पाण्याचा पासपोर्ट फोटो

वडघोळच्या हवेतल्या पाण्याने डिसेंबरच्या चार तारखेला रहिवासी दाखल्यासाठी अर्ज केला. अर्ज तहसील कचेरीच्या पूर्वेकडच्या खिडकीवर होता, काचेच्या आतल्या बाजूने, बारीक ओल्या अक्षरांत. मी तेव्हा कचेरीत आवक-जावक पाहायचो. ऊन वर यायच्या आत मी तो वहीत उतरवून घेतला आणि त्याला आवक क्रमांक दिला.

त्या वर्षी तालुक्यातल्या सगळ्या पाण्यांची नोंद चालली होती. नदीचा दाखला झाला होता. गावातल्या चार विहिरी आणि देवळामागचं तळं यांचीही कागदपत्रं पूर्ण होती. एकतीस डिसेंबरपर्यंत ज्या पाण्याकडे दाखला नसेल त्याने तालुक्याची हद्द सोडायची, असा आदेश होता. हवेतलं पाणी गावात किती पिढ्या राहत होतं ते कोणालाच सांगता येईना. ते कधी कोणाला दिसलं नव्हतं, त्यामुळे त्याचं नाव एकाही कागदावर नव्हतं.

बातमी कळताच परशुराम ठसाळ कचेरीत आले. आमच्याकडे भात कापला की त्याच शेतात वाल पेरतात, आणि त्याला कोणी पाणी देत नाही. तो दवावर वाढतो. ठसाळांचा सव्वा एकर वाल तेव्हा फुलावर होता.

"साहेब, हे पाणी हद्दीबाहेर गेलं तर दव कुठून पडायचं?" त्यांनी विचारलं. "फूल गळून जाईल सगळं."

नायब तहसीलदार गजभिये साहेब चंद्रपूरकडचे. माणूस सरळ, पण कागदाला पक्का. ते म्हणाले, "अर्जदाराने समक्ष हजर राहावं. मी सुनावणी घेतो."

सुनावणीसाठी मासळीबाजारातून बर्फ मागवला. स्टीलच्या तांब्यात बर्फाचं पाणी भरून तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि आम्ही वाट पाहिली. आधी तांब्याची चकाकी गेली. मग त्यावर बारीक पुरळासारखे थेंब उठले. शेजारशेजारचे एकमेकांत मिसळले, आणि त्यातला एक चांगला टपोरा होऊन काठाखाली थांबला.

"हजर आहे," तो म्हणाला. आवाज हळू होता, पण स्वच्छ होता.

साहेबांनी चष्मा लावला. "आपण तांब्यातून झिरपून बाहेर आला आहात का?"

थेंब क्षणभर थरथरला. "तांब्यातलं पाणी तांब्यात आहे. त्याची-माझी ओळखही नाही. मी या खोलीतच होतो, तुमच्या खुर्चीच्या आसपास. थंड पत्र्याला टेकलो की मला हवेत उभं राहता येत नाही. बसावं लागतं. बसलो की दिसतो."

"याला पुरावा?"

पुरावा मीच सुचवला. तांब्यातल्या पाण्यात शिक्क्याची जांभळी शाई ओतली, तांबा बाहेरून पुसून घेतला आणि पुन्हा वाट पाहिली. आतलं पाणी वांग्यासारखं झालं. बाहेर आलेले थेंब मात्र नितळ होते. साहेबांनी एक थेंब पांढऱ्या कागदावर टिपून उजेडात धरला, उलटून पाहिला, आणि अर्जदार आतला नसून बाहेरचा, म्हणजेच स्थानिक आहे, असं नमूद केलं.

"आता फोटो द्या. दोन प्रती, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा स्पष्ट, मागे इतर व्यक्ती नको."

वडघोळमध्ये फोटो म्हणजे रुकय्याआपा मुकादम. वडिलांच्या पश्चात स्टुडिओ त्यांनीच चालवला होता, चौतीस वर्षं. त्यांच्याकडचा फोटो आजवर एकाही कचेरीने परत पाठवला नव्हता. हे त्या सांगत नसत. आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

त्यांनी तांबा स्टुडिओत मागवला, मागे पांढरा पडदा लावला आणि फोटो काढला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. "यात अर्जदार नाही."

खरंच नव्हता. पांढऱ्यासमोर थेंब पांढरा झाला होता आणि तांब्याच्या कडेला नुसता कागद दिसत होता. दुसऱ्या दिवशी आपांनी फ्लॅश वापरला. त्या फोटोत थेंबाच्या जागी एक लखलखीत ठिपका आला. साहेबांनी शेरा मारला, 'चेहऱ्यावर दिवा.'

दोन्ही फोटो मीच परत नेऊन दिले. आपांनी ते हातात घेतले, शेरा वाचला आणि मला चहा विचारला नाही. त्यांच्याकडे असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर स्टुडिओ दुपारी बंद राहू लागला. एकदा मी मागच्या दाराने डोकावलो. आपा जमिनीवर बसल्या होत्या. समोर काचेचे पेले, खिडकीत ओली काच, आणि जवळ काळ्या कागदाच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या. पनवेलला लग्नाचे फोटो काढणारा त्यांचा भाचा इम्तियाज फोनवर बोलत होता. फोन मोठ्या आवाजावर होता.

"आपा, पाण्याच्या नादाला लागू नकोस. जाहिरातवाले ग्लिसरीन लावतात. थेंब तासभर हलत नाही. कोणाला कळतं?"

"दुसऱ्याला बसवून याच्या नावाचा फोटो देऊ?" आपा म्हणाल्या. "त्यापेक्षा नाही देत." आणि त्यांनी फोन ठेवला.

मग मला म्हणाल्या, "पाटणेभाऊ, आलाच आहात तर ही पट्टी धरा. मी पाण्यावर उजेड मारत होते, तिथेच चुकलं. उजेड त्याच्या मागून यायला हवा. आणि दोन्ही बाजूंना काळं हवं, फोटोत न येईल इतकं लांब. ते काळं त्याच्या कडेला जाऊन बसतं. बघा."

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. काचेवरच्या थेंबाला कड आली होती, पेन्सिलीने काढावी तशी. मागे सगळं पांढरं, आणि मधे तो, पूर्ण गोल, कोणाशीही गल्लत होणार नाही असा. आपा पदर खोचून उठल्या आणि त्यांनी चहा ठेवला.

अर्जदाराने मात्र तांब्यावर पुन्हा बसायला नकार दिला. "तिथे मला बर्फ लावून बोलावलं होतं," त्याने खिडकीवर कळवलं. "फोटो माझ्या घरी काढा. पहाट झाल्यावर मी वालावर असतो."

म्हणून एकतीस तारखेला, उजाडता उजाडता, आम्ही ठसाळांच्या शेतात गेलो. शेवटचा दिवस असल्यामुळे साहेब शिक्का घेऊन स्वतः आले. त्यांच्यामागून निम्मं गाव आलं आणि बांधावर उभं राहिलं. थंडी चांगली होती. एका वालाच्या पानाच्या टोकाला थेंब लोंबकळत होता, आणि तो हळूहळू जड होत होता.

"आलात," तो म्हणाला. "मला फार वेळ थांबता येणार नाही."

आपांनी पानामागे पातळ पांढरा कागद उभा केला, त्यातून सूर्य येईल असा. त्याच्या मधोमध, थेंबाच्या आड झाकली जाईल एवढी बारीक फट ठेवली, थेंबाला थेट उजेड मिळावा म्हणून. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या ठसाळांनी आणि मी धरल्या. पट्टी अर्धा इंच पुढे, मग थोडी मागे. आपा ओलाव्यात गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी श्वास रोखला, कारण कोमट श्वास लागला तर अर्जदार उडून गेला असता. सगळ्या बांधावर कोणी खोकलं नाही. मग कॅमेरा एकदाच वाजला, आणि त्याच्यापाठोपाठ थेंब सुटून मातीत गेला.

फोटो आम्ही तिथेच कॅमेऱ्यावर पाहिला. कड स्पष्ट होती. पण कागदाच्या फटीतून पलीकडचा बांध आत शिरला होता. थेंबाच्या पोटात सगळं शेत होतं, आणि बांधावरचं गाव, आणि शिक्का धरलेले साहेब. सगळे खाली डोकं, वर पाय.

साहेब गंभीर झाले. "फोटोत इतर व्यक्ती आहेत. शिवाय उलट्या आहेत."

"नियम पुन्हा वाचा साहेब," आपा म्हणाल्या. त्यांचे गुडघे चिखलाने भरले होते, पण त्या ताठ उभ्या होत्या. "मागे इतर व्यक्ती नको, असं आहे. त्याच्या मागे कोरा कागद आहे. ही माणसं त्याच्या आत आहेत. पाण्याचा चेहरा असाच असतो. मी तो पुसून दिला तर तो फोटो याचा राहणार नाही, आणि मी तसला फोटो देत नाही."

साहेबांनी परिपत्रक काढून वाचलं. सावकाश, दोनदा. मग म्हणाले, "आत असलेल्यांबद्दल नियमात मनाई दिसत नाही. मात्र त्यांची संमती लागेल."

भिंगातून मोजल्यावर थेंबात एकेचाळीस माणसं भरली. चाळीस जणांनी बांधावरच सह्या केल्या. एकेचाळीसावे स्वतः साहेब होते. त्यांनी पेन हातात घेतलं आणि ते थोडा वेळ त्या फोटोकडे पाहत राहिले.

"मी सात गावांत नोकरी केली," ते म्हणाले. "कुठल्याच पाण्यात मी नव्हतो." आणि त्यांनी सही केली.

दाखला लिहून झाला. आता तो कोणाला द्यायचा, हा प्रश्न उभा राहिला, कारण अर्जदार मातीत गेला होता आणि उरलेलं दव उन्हाने उडायला लागलं होतं. इतक्यात ठसाळांच्या घरून चहा आला. साहेबांनी पेला तोंडाला लावला आणि त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या.

"इथे आहे," काचेवरून आवाज आला.

साहेबांनी चष्मा पुसला नाही. त्याच आंधळ्या डोळ्यांनी त्यांनी खिसा चाचपला, शिक्का काढला आणि मी धरलेल्या कागदावर अचूक उमटवला. दाखल्यावर नाव होतं, 'हवेतलं पाणी, राहणार वडघोळ, सहकुटुंब'. मग तो कागद त्यांनी चष्म्यासमोर धरला. बघता बघता कागदाचे कोपरे दमट झाले. ही पोच समजली गेली.

ठसाळांचं एकही फूल गळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता रुकय्याआपांनी मला बोलावणं धाडलं. बाजारपेठेत दाट धुकं होतं, आणि ते सगळं स्टुडिओच्या दारापासून सुरू होऊन एस.टी. स्टँडच्याही पलीकडे रांगेत उभं होतं. धक्काबुक्की नव्हती. कालचा फोटो बघून सगळं कुटुंब आलं होतं. दाखला सगळ्यांचा मिळून एकच झाला होता, पण फोटो प्रत्येकाला हवा होता.

"ऊन यायला दोन तास आहेत," आपा म्हणाल्या. "तुम्ही नावं लिहून घ्या, पाटणेभाऊ."

त्यांनी शटर पूर्ण वर केलं, केस नीट केले, काळ्या पट्ट्या जागेवर लावल्या आणि काचेवर येऊन बसलेल्या पहिल्या थेंबाला हनुवटी जरा वर घ्यायला सांगितलं.