वजन विचारणारे ढोकेसाहेब

आमच्या गल्लीत नवा माणूस आला की ढोकेसाहेब त्याचं नावगाव विचारत नाहीत. वजन विचारतात. कोणाचा जावई असो, पोस्टमन असो, मत मागायला आलेला पुढारी असो. पुढाऱ्याने हात जोडले, तर साहेबांनी त्याला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "ब्याण्णव. जोड्यासकट त्र्याण्णव." पुढारी हसतच राहिला. पुन्हा काही या गल्लीत आला नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. अमरावतीत चाळीस वर्षं भाजी विकली. कोहळं हातात घेतलं की वजन सांगतो, तराजू मागून खरं म्हणतो. म्हणून आमचं जमलं. मी कोहळ्याचं सांगायचो, ते माणसाचं. लग्नात मांडवाच्या तोंडाशीच खुर्च्या टाकायचो. "नवरी अठ्ठेचाळीस. शालू-दागिन्यासकट चौपन्न," साहेब म्हणायचे. माझी बायको सुमन मागून ओरडायची, "भावजी, लाज धरा थोडी! लोकाची लेक हाय ते!"

साहेब धामणगावकडचे. तेही माळ्याचंच पोर, पण फौजेत हेलिकॉप्टर उडवून आले. लग्न केलं नाही. घरात एक खाट, एक स्टोव्ह, तीन शर्ट. जीपची मागची सीटसुद्धा उपटून टाकलेली. "फालतू वजन" हा त्यांचा मंत्र. दिवाळीत सुमनने डबाभर करंज्या नेऊन दिल्या, तर साहेबांनी दारातच कागदावर ओतून घेतल्या. "करंज्या राहू द्या वयनी. डबा फालतू वजन हाय."

एकदा मी विचारलं, "कावून हो साहेब, हे वजनाचं येड कुठून लागलं?"

"वर डोंगरात हवा पातळ राह्यते, दादाराव. पाणी घातलेल्या ताकासारखी. पंख्याले जोर भेटत नाही. तिथं जास्तीचा एक किलो म्हंजे कोणाचा तरी जीव."

लढाईत त्यांनी हेलिकॉप्टरची दारं काढली, सीटा काढल्या, तेल जाण्यायेण्यापुरतंच ठेवलं. तेव्हा कुठं एका खेपेला दोन जखमी उचलता यायचे. समोरून गोळ्या चालू. अशा सात खेपा त्यांनी एका दिवसात केल्या.

"भेव नाही वाटलं?"

"भेवाले टाइम कुठं होता? मी बेरजा करून राहिलो होतो."

सुमन माघात गेली. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, चौदाव्या दिवशी मी आणि पाल. पोरगा संजय अकोल्याला नोकरीला आहे. म्हणाला, बाबा, इकडेच या, पण तिसरा माळा आहे, दोन खोल्या आहेत, सामान आणू नका. मी सगळ्याला हो म्हटलं. खाट देऊन टाकली, भांडी देऊन टाकली, तिची लुगडी तिच्या बहिणीला दिली. एका गोष्टीवर अडलो. सुमनचा पाटा-वरवंटा. याच पाट्यावर संजयची पाचवी पुजली होती. चाळीस वर्षं तिने त्यावर ठेचा वाटला, पाटा मधोमध खोल झालाय.

"बाबा, इथं मिक्सर आहे. दगड कशाला आणता?" संजय फोनवर म्हणाला. मी फोन ठेवून दिला. बोललो असतो तर रडलो असतो.

जायच्या दिवशी साहेबच जीप घेऊन आले. बघतो तर घरात शिरून निवड करायला लागले. गादी? फालतू. लोखंडी पेटी? फालतू. असं करत करत पाट्यापाशी आले. मी आडवा झालो.

"हा येईन. नाही म्हणसान, त मी बी येत नाही. तुमी जा एकटेच अकोल्याले."

साहेबांनी पाट्याकडे पाहिलं. आकडा सांगितला नाही. तिथंच उकिडवे बसले.

"दादाराव, शेवटच्या खेपेले तिथं दोन जन होते," ते म्हणाले. "एक जखमी, एक मेलेला. दोघं जोडीदार. जखमी त्याची कॉलर सोडे ना. इंजिनाले गोळी लागली होती, जोर कमी झाला होता. मी बेरीज केली. जिवंत उचलला, मेलेला ठेवला. त्या मेलेल्याले सांगतलं, सकाळी येतो."

"मंग?"

"रातभर बर्फ पडला. तीन दिवस गेलो. सापडलाच नाही."



"सुट्टीत त्याच्या गावी गेलो. माय होती त्याची. तिले सारं खरं सांगतलं, वजनासकट. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हने, साहेब, तो एवढा जड कवा झाला? पाच वर्साचा होता, ताप चढला होता, त मी त्याले कडेवर घेऊन दोन कोस चालली."

मला गोड बोलता येत नाही. म्हणालो, "बेरीज त बरोबर होती तुमची."

"होती ना," साहेब म्हणाले. "थेच त खुपते."

मग उठले आणि पाट्याला हात घातला. सत्तरीचा माणूस. मी म्हणालो, कंबर जाईल. म्हणाले, "तुमी वरवंटा घ्या अन् सरका बाजूले." पाटा पुढच्या सीटवर ठेवला, पट्ट्याने बांधला. मागे सीट नाहीच, मी पोत्यावर बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत माझी हाडं सुटी झाली. साहेब मात्र प्रत्येक खड्ड्यापाशी जीप हळू करायचे. माझ्यासाठी नाही.

अकोल्याला लिफ्ट बंद. संजय धावत खाली आला. "काका, द्या इकडे. अन् हे कायले आणलं?"

साहेबांनी पाटा दिला नाही. प्रत्येक माळ्यावर थांबले, धापा टाकल्या, पण खाली टेकवला नाही. मांडीवर धरून उभे राहिले. वर येऊन स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवला. संजयने तोंड उघडलं. साहेब म्हणाले, "जागा कर." पोराने गुपचूप सिलिंडर सरकवला.

सुनेने पाणी दिलं. म्हणाली, "काका, जेवूनच जा."

"नाही बाई, उशीर होते घरी," साहेब म्हणाले. घरी त्यांची वाट पाहणारं कोणी नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. ते उठलेही नाहीत. पाट्याच्या खोलगट जागी तळहात ठेवून फरशीवर बसून राहिले.

मी सुनेकडून हिरव्या मिरच्या मागून घेतल्या आणि त्यांच्या बाजूला देठं खुडत बसलो.