हौसाच्या नावानं अंघोळ

तालुक्याच्या दवाखान्यात आता रुग्णाला घमेल्यातल्या पाण्यानं पुसत नाहीत. घरच्या माणसानं त्याच्या नावानं अंघोळ करायची, म्हणजे रुग्ण खाटेवर स्वच्छ होतो.

आमच्या हौसाचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तेव्हा लोखंडे सिस्टरनी मला हे नीट समजावलं. घमेल्यातून या खाटेचे जंतू त्या खाटेवर जातात. ही पद्धत साफ. पहिला तांब्या घेताना नाव घ्यायचं, बास.

मी म्हटलं, "बाई, आमच्यात माणूस गेल्यावर त्याच्या नावानं अंघोळ करतात. जित्या माणसाची कशी करू?"

"बाबा, अंग अस्वच्छ राहिलं तर जखम चिघळेल. सगळेच करतात."

सगळेच करतात म्हटल्यावर मीही केली. नाव तेवढं हळूच घेतलं. पण दुपारी जाऊन बघतो तर हौसा न्हाऊन पडलेली, केस ओले.

"अवो, पाणी फार कढत घेता," ती म्हणाली. "आणि मानेमागं हात फिरवत जा. स्वतःचं उरकता तसं माझं उरकू नका."

दुसऱ्या दिवसापासून कोमट पाणी घेतलं. मानेमागं चोळलं. एक मात्र मला उशिरा कळलं. एकदा नाव घेतलं की रुग्ण घरी येईपर्यंत आपल्या अंगावरचं सगळं पाणी तिकडंच लागतं. माझा मळ जागचा हलेना. एकदा वैतागून कालव्यात उतरलो, तर सिस्टर रागावल्या. "बाबा, काल गादी भिजवलीत तुम्ही."

शेजारचा कोंडीबा म्हणायचा, "तुझ्यापरीस माझी म्हैस बरी."

"हौसा स्वच्छ आहे ना," मी म्हणायचो.

"तुझ्या नावानं मी करू का अंघोळ? पण गावात बोंब होईल, म्हातारा गेला म्हणून."

पुढं हौसाला ताप भरला. पाण्याबद्दल ती काही सांगेनाशी झाली. मी रोज थांबत थांबत पाणी घ्यायचो, तिला हुडहुडी भरू नये म्हणून.

एका सकाळी नाव घेऊन तांब्या ओतला, तर पायाखालून काळं पाणी वाहायला लागलं. पायाची नखं दिसायला लागली. मी थांबलो. पुन्हा तिचं नाव घेतलं, जरा मोठ्यानं, आणि हातावर थोडंसं पाणी सोडून पाहिलं. हात उजळ निघाला.

बादलीत अजून पाणी होतं. ते सगळं अंगावर घेतलं. ती अंघोळ आता करायचीच होती.

दवाखान्यातून कोंडीबाच्या घरी फोन आला. तो सांगायला आला तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. त्यानं माझ्या अंगाकडं पाहिलं, आणि निरोप न सांगताच खाली बसला.