अंजनाबाईंच्या नावावर अख्खं कॉलेज

नागभीडच्या आमच्या कॉलेजात वायफायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी प्राचार्य हरिदास सरांना छातीठोकपणे सांगितलं, "सर, आता माझ्या परवानगीशिवाय या नेटवर्कात माशीसुद्धा शिरणार नाही!"

आधी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता आणि तो बसस्टँडवरच्या पानठेलेवाल्यालाही पाठ होता. म्हणून मी एक सर्व्हर बसवला. ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड. सर्व्हर दोन्ही तपासणार, मगच आत सोडणार. पासवर्डात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, असा नियमही केला. प्राध्यापकांनी इतके कडक पासवर्ड ठेवले की दुसऱ्या दिवशी ते त्यांनाच आठवेनात.

आठवला फक्त अंजनाबाईंना. त्या स्टाफचा चहा करतात. मोबाइलवर हजेरी लावायला त्यांचंही खातं मीच उघडून दिलं होतं. कोणी हातात मोबाइल धरून वैतागलेला दिसला की त्या चहाबरोबर बिस्कीट द्यावं तसा पासवर्ड द्यायच्या.

"नेट नाई लागून राह्यलं का सर? माह्या नावानं जा ना."

एके दिवशी, नेटवर कोण कुठून आहे ते दाखवणाऱ्या माझ्या स्क्रीनवर हरिदास सर वाकले. "मिथुन, ही बाई एकाच वेळी लायब्ररीत, लॅबमध्ये, होस्टेलात अन् गेटवर कशी काय?"

बाईंना बोलावून त्यांनी हेच विचारलं. बाईंनी पदराला हात पुसले.

"काय करू सर, कामच तेवढं हाय. एक माणूस द्या म्हून कवाची सांगून राह्यली."

सर माझ्याकडे वळले. एका नावावर एकच मोबाइल चालेल, हे बंधन घालायचं मीच विसरलो होतो. ते कबूल करण्यापेक्षा मी गुपचूप बाईंचं खातंच बंद केलं.

अख्खं कॉलेज बंद पडलं. परीक्षेचे फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस. पोरं आरडाओरडा करत माझ्या खोलीकडे निघाली आणि त्यांच्याही पुढे हरिदास सर. विद्यापीठाच्या ऑनलाइन बैठकीत बोलता बोलता ते तोंड उघडं असतानाच गायब झाले होते.

"बाईचं खातं चालू कर."

"पण सर, तुमचं स्वतःचं..."

"माह्यं राहू दे. पहिले बाईचं कर."

केलं. फॉर्म भरले गेले, बैठकही निभावली. संध्याकाळी मी बाईंना समजावलं, "पासवर्ड बदला आणि कोणालाच सांगू नका. मलासुद्धा नाही." त्यांनी मान हलवली आणि माझ्यासमोरच बदलला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर चहाच्या खोलीबाहेर प्राध्यापकांची रांग. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात ओला कप.

"बाई, काय ठरलं होतं आपलं?"

"कोणाले सांगतलं नाई मी, मिथुनभाऊ. माह्या हातानं त्याच्या मोबाइलात टाकून देते. ज्यानं आपला कप धुतला त्याले." त्यांनी माझ्या खोलीकडे बोट केलं. "तुमचे दोन पडून हायेत तिथी. चहा बी त्यालेच भेटन."

मी खोलीतून दोन्ही कप उचलले आणि नळावर गेलो. शेजारी हरिदास सर बशी घासत होते.